टॉर्क पाना

घुगे म्हणाला, पुण्याहून तयार मागव.
दीड लाख जातील, पण वॉरंटी आहे.

सातपूरला कंपनीत
बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे शाफ्ट मोजतोय,
केसाएवढ्या फरकाला नापास करतोय.
स्वतःचा एकही
फिरवून पाहिलेला नाही.

अंबडच्या शेडमध्ये
बायकोच्या जुन्या चादरीवर
ब्लॉक उघडा पडलाय.
तिसऱ्या बोअरमध्ये ओरखडा.
डोळ्याला दिसत नाही,
नखाला लागतो.

सात हजार आरपीएमला, कसारा घाटात
रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला
तर शिव्या कुणाला घालू?

रात्री साडेअकराला घुगेला फोन लावला.
टॉर्क पाना देतोस का,
दोन दिवस?

तो हसला नाही.
म्हणाला, दोन महिने धर.
आणि हात धुवायला डिझेल आणून ठेव.