अंगठा लागत नाही

रेशनच्या मशीननं तिसऱ्यांदा नकार दिला.
दुकानदार म्हणाला, वहिनी, पुसून लावा.
कौतिकनं अंगठा पदराला पुसला,
तोंडाची वाफ दिली, पुन्हा पदर.
काच लाल.
मागं रांगेत कुणीतरी म्हणालं,
ही निफाडची थंडी, बाई,
ठशांवरून नांगर फिरवते.

घरी येऊन मी तो अंगठा उजेडात धरला.
एकवीस वर्षांच्या संसारात
इतक्या जवळून पाहिला नव्हता.
पेराशी तीन भेगा, एकीत रक्त सुकलेलं,
आणि रेषा कुठं गेल्या कुणास ठाऊक.
थिनिंगच्या कात्रीनं खाल्ल्या,
घड बुडवायच्या औषधानं,
की पहाटेच्या भांड्यांनी.

मी रात्रपाळीला असतो, द्राक्षबागेत.
पारा पाचाखाली उतरला की शेठचा फोन येतो: पेटवा.
मग ओळीओळीतून पाचोळा पेटवायचा,
धूर मांडवाखाली दाबून बसवायचा.
मणी तडकला तर व्यापारी गाडीतून उतरतसुद्धा नाही.
मण्याचं मला सगळं पाठ आहे,
गोडी कधी भरते, साल किती गारठा सोसते.

पगारे सिस्टरांनी आधी शिव्या दिल्या.
कारण मी सांगून बसलो
की बोटं बधिर झाली की ही सरळ जाळावर धरते.
अहो, बधिर कातडीला चटका कळतो का?
काखेत धरायचे हात. मुंग्या येऊन जाऊ द्यायच्या.
चोळायचं नाही, खाज सुटली तरी नाही.
आणि टाचेला कुणी ब्लेड लावलं
तर माझ्याशी गाठ आहे.
मी खिशातलं ब्लेड खिशातच ठेवलं.

भद्रकालीत, काष्ठौषधींच्या दुकानात
कोकमाची वडी मिळाली, मळकट पांढरी, अंड्याएवढी.
दुकानदारानं ती पेपरात बांधली
आणि नाशकात यंदा किती थंडी यावर
सुट्ट्या पैशांऐवजी भाषण दिलं.

कामावर निघायच्या आधी, रोज,
परातीत पाणी घेतो. कोपर बुडवून बघतो,
तान्ह्याच्या आंघोळीला बघतात तसं. कढत नको.
पहिल्या रात्री तिनं पाय आखडून घेतले.
नवऱ्यानं पाय धरायचे? पाप लागतं.
लागू दे, म्हटलं,
अंगठा तर लागत नाही.
हसली. पाय पाण्यात गेले.

पाव तासानं टिपून घ्यायचे, घासायचे नाहीत.
ओल आहे तोवरच, पळीत वितळवून निवलेली वडी
भेगेत भरायची, खिडकीला लांबी भरतात तशी.
आधी टाचा, मग बोटं,
शेवटी तो अंगठा.
वर पोराचे फुटबॉलचे मोजे, लाल पट्ट्यांचे,
गुडघ्यापर्यंत.
कौतिक गोलकीपर दिसते.
तशीच झोपते, दोन्ही हात काखेत घालून.

चौथ्या रात्री डाव्या टाचेची खोल भेग
पिवळट पाणी सोडू लागली. तिथं वडी हरली.
सिस्टरांनी धुऊन पट्टी केली, रक्तातली साखर तपासली,
नाही निघाली.
बाहेर येऊन आम्ही दोघांनी चहा घेतला,
मुद्दाम गोड.

रेशन आता वीस तारखेला.
अंगठ्यावर काहीतरी उमटू लागलंय,
पाटी पुसल्यावर जुनं अक्षर दिसतं तेवढं.
मशीनला तेवढं पुरेल का, माहीत नाही.

काल रात्री फोन आला: पेटवा.
पाचोळ्यापाशी उकिडवा बसलो, काडी ओढली,
निसटली बोटांतून.
दुसरीही निसटली.
बॅटरी लावून पाहिलं, हात ओले झाले की काय.
ओले नव्हते.
बाभळीच्या सालीसारखे माझे तळवे
मऊ पडले होते. पंधरा रात्री
तिच्या टाचांना लावता लावता
उरलेलं यांनीच पिऊन घेतलं,
मला न विचारता.

तिसरी काडी घट्ट धरली.