दोनच माणसं

प्रसूतीच्या खोलीत दोनच माणसं, असा नियम.
एक जावई. दुसरी ती.
मी बार्शीहून डंडीला आलेली,
दोन विमानं, एक आगगाडी,
पिशवीत अळीव, डिंक, खारकांची पूड.
मी बाहेर.

डूला म्हणतात तिला.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसूच आलं,
डुला की मग, म्हटलं, कोण अडवतंय.
ऋजुतानं समजावलं, आई, ती सुईण नाही,
टोचत नाही, तपासत नाही,
फक्त सोबत असते.
सोबतीचे पैसे?
तीन हप्त्यांत, म्हणाली.

एल्स्पेथ नाव. माझ्या तोंडात इल्साबाई झालं.
पंचावन्नची असेल. आधी इथंच बस चालवायची.
मंगळवारी घरी यायची, बूट दारात काढायची
(हे मला आवडलं, बोलले नाही कुणाशी)
आणि माझ्या लेकीला विचारायची,
भीती कसली वाटते?
असं विचारतात का पोटुशीला?
आमच्यात डोहाळे विचारतात.
लेक इंग्रजीत बोलली, भरभर.
अर्धं मला कळलं नाही.
अर्धं कळलं,
आणि कणकेत पाणी जास्त पडलं.

शुक्रवारी पहाटे कळा सुरू झाल्या.
टे नदीवरचा फेब्रुवारीतला वारा
खिडकीच्या फटीत शीळ घालत होता.
इल्साबाई आली ती ओल्या केसांनी,
काखेत गरम पाण्याची रबरी पिशवी.
लेकीनं तिच्या गळ्यात हात टाकले
आणि दोघी डुलायला लागल्या.
खरंच डुलायला लागल्या,
स्वयंपाकघरात, फ्रिजसमोर.
कळ आली की ती कमरेवर तळवा रोवायची,
सगळा भार देऊन,
उतारावर बस वळवावी तशी.
निहार नुसताच मिनिटं लिहीत होता.

मग दवाखाना. मग ही निळी खुर्ची.
मी रामरक्षा म्हटली, मध्येच विसरले,
पुन्हा पहिल्यापासून म्हटली.
आतून लेकीचा आवाज आला की थांबायचे.
तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

रात्री तीनला ती बाहेर आली, हातात टोस्ट,
अर्धा मोडून मला दिला.
मनगट चोळत होती.
म्हणाली, आणि तुमचं? ही झाली तेव्हा?

चौतीस वर्षांत
मुलगा की मुलगी ते विचारलं होतं,
वजन विचारलं, पत्रिकेसाठी वेळ विचारली,
रंगसुद्धा.

मी म्हटलं, मोठी खोली. एक दिवा.
खूप बायका. नर्स. चापट. इथं.
आणि मांडीवर हात ठेवला.
क्रियापदं मला येत नव्हती,
तिला लागली नाहीत.

ती सॉरी म्हणाली नाही. टोस्ट संपवला.
उठा, म्हणाली, पाठ करा.
त्या लांबलचक रिकाम्या बोळात
माझ्या कमरेवर, माकडहाडाच्या जरा वर,
तिनं तळवा दाबला.
इथं. असं. बोटांनी नाही, खांद्यातून.
कळलं?
बराच वेळ दाबून धरला.
दाखवायला एवढा वेळ लागत नाही.

मग माझ्या खुर्चीत बसली, पाय लांब केले.
दोनच माणसं ना? मी अर्धा तास इथं आहे.
जा.

आत अंधार केलेला.
लेक पलंगाच्या कठड्यावर ओणवी, केस चिकटलेले.
निहारनं मला पाहिलं, बोलला नाही.
कळ चढायला लागली तशी
मी पदर खोचला, तळवा ठेवला,
खांद्यातून भार दिला.

तिनं मान वळवली नाही.
एल्स्पेथ, म्हणाली, थोडं खाली.

मी हात थोडा खाली घेतला.