नग सदुसष्ट

पहिला आला तो दारातूनच घर मोजून गेला.
हातात टॅब, पायात बूट, गालात वेलची.
"दोनच खोल्या ना? मग झालं की."
स्वयंपाकघराकडे त्याने पाहिलंही नाही,
जणू बायका भांडी खिशात घालून नेतात.
मी विचारलं, पनवेलला गाडी बदलता का?
तो म्हणाला, काळजी करू नका.
हे उत्तर नव्हे.
बत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढलीयेत मी,
प्रश्नाला पाठ दाखवणारा माणूस
मला काट्यावर न ठेवताही कळतो.

दुसऱ्याचा भाव निम्मा.
निम्मा भाव ऐकला की मला
मिरकरवाड्यावरची दुपार आठवते,
बारानंतर एकाएकी स्वस्त झालेली सुरमई.
कल्ले उचलून बघावे, तर फिके.
त्याचेही उचलले.
पावती? "शब्द आहे ना, मावशी."
विमा? "देव आहे ना."
गाडी कुणाची?
तेवढ्यात त्याचा फोन वाजला,
आणि तो जो बोलायला अंगणात उतरला
तो गडग्यापलीकडून हात हलवूनच गेला.

वृंदा मलुष्टे म्हणाली, अगो, तिसराही तसलाच निघाला तर?
म्हटलं, तर सामान राहील इथे
आणि मी जाईन ठाण्याला, रजिस्टर पोस्टाने.

शौकत होडेकर आला तो चपला पायरीखाली काढून.
कानामागे पेन्सिल, काखेत शाळेची दोनशेपानी वही.
येतानाच पायऱ्या मोजल्या होत्या,
रस्त्यापासून ओटीपर्यंत एकेचाळीस.
"दोन माणसं जास्त लागतील.
त्यांचे पैशे आताच सांगतो, मागनं नको."
मग खोल्यांतून फिरला,
आणि काय आहे ते लिहिण्याआधी
काय मोडलंय ते लिहू लागला.
कपाट, डावं दार, खाऱ्या वाऱ्याचा गंज, जुना.
आरसा, खालचा कोपरा, टवका, जुना.
खुर्ची, एक पाय आखूड, खाली पुठ्ठा.
मला रागच आला.
मुलगी बघायला यावं
आणि आल्या आल्या पत्रिकेतला मंगळ वाचत बसावं, तसं.
चहा ठेवताना उमगलं,
जुना ओरखडा इतका नीट लिहिणारा
नव्यावर हात वर करणार नाही.

लोणच्याच्या बरणीला त्याने हात लावला नाही.
"ही मी नाय नेणार, बाय. ही तुमी मांडीवर घ्या."
सिलिंडरही नाही म्हणाला.
इतक्या साधेपणाने नाही म्हणणारा माणूस
मी फार दिवसांनी पाहिला.

पलंगाखालून ह्यांची पेटी निघाली.
बंदर खात्याची, हिरवी, कुलूप लावलेली.
"ह्यात काय हाय?"
माहीत नाही.
"किल्ली?"
सहा वर्षांत सापडली नाही.
खरं तर शोधली नाही.
तो जरा थांबला.
पेटी हलवून पाहिली नाही त्याने. ते मी पाहिलं.
मग लिहिलं, आणि मोठ्याने वाचलं:
नग सदुसष्ट. लोखंडी पेटी. कुलूपबंद.
आत काय ते मालकिणीस ठाऊक नाही.
पोस्टात हजारो लोकांच्या सह्या घेतल्या मी,
कुठल्याच फॉर्मवर असा रकाना नव्हता.
सही केली.

ठाण्याला, अकराव्या मजल्यावर, पाऊण तास उशिरा,
सदुसष्ट नग उतरले.
एका कपाचा कान गेला.
मी काही बोलायच्या आत त्याने वही उघडली,
कप, कान तुटला, नवा,
आणि बिलातून चाळीस रुपये वजा केले.
"नवा" हा शब्द मी दोनदा वाचला.

पेटी पलंगाखालीच आहे,
दुसऱ्या पलंगाखाली.