चोरटी हवा

भट्टी फिरते, मिनिटाला साडेतीन फेरे,
पोटात चौदाशे पन्नास अंश घेऊन,
आणि शोआच्या पठारावर नोव्हेंबरात असा गारठा
की पहाटे पाण्याच्या पिंपावर पापुद्रा धरतो.

माझं काम पोटाचं नव्हे, कातडीचं.
कॅमेरा रोखून बघते:
बाविसाव्या मीटरवर लाल डाग,
आतली वीट झिजलेली. तीनशे ऐंशी.
मागच्या सीलमधून चोरटी हवा शिरते
शीळ घालत,
फुकट तापते, फुकट धुराड्यातून निघून जाते,
आणि तिच्या पाहुणचाराला आम्ही जिम्माहून
कॉफीच्या फोलपटांचे ट्रक मागवतो.
किलोभर क्लिंकरला आठशे नव्वद किलोकॅलरी.
आंधळ्याचं दळण आहे हे,
मी मीटिंगमध्ये म्हटलं.
कुत्र्याचं कुणी विचारलं नाही.

कुत्री खरीच होती.
दुसऱ्या खांबाखाली एक तांबूस मादी
आणि तिची तीन पिल्लं,
भट्टीकडे पाठ करून झोपलेली.
शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत
गाबी डोक्यावरून ओढलेला गुतेमा, रात्रीचा पहारेकरी.
क्लिंकर निवतो त्या पेटीच्या पत्र्यावर
त्याची जेबेना ठेवलेली असायची.
चूल नाही, कोळसा नाही, कॉफीला आपसूक कढ.
"पगार दोनदा उशिरा आला, ओब्से,
ही ऊब एकदाही नाही."

अठरा दिवस भट्टी बंद ठेवली.
ओल्जिरा गवंडी नव्वद माणसांसह आत उतरला,
वीट वीट ठोकून आवाजावरून पारखत:
ही मेली, ही जगेल, ही मेली.
मीही गेले आत.
माझं खोकणंसुद्धा गोल फिरून
माझ्याच कानावर आलं.
नवं सील बसवलं, पत्र्यावर लोकरीचं अस्तर चढवलं,
झडपांच्या फटींपाशी रेशमी धागा धरून बघितला:
धागा हलला नाही.

आठशे वीस.
बारा-तेरा ट्रकांतला एक आता येत नाही.
साहेबांनी केक कापला, फोटोत मी मधोमध.

त्या आठवड्यात रात्रपाळीला खाली उतरले.
कुत्री दिसेनात.
गुतेमाच्या जेबेनाखाली तीन दगड,
दगडांमध्ये पोत्यातून सांडलेली फोलपटं
धुमसत होती.
माझ्या पायरवानं तो उठला,
चोरी सापडल्यासारखा.
"बरं केलंस पोरी, आग आवरलीस.
आग अशी बाहेर सांडू नये.
माझी आई चुलीपाशी हेच सांगायची."
मग खुर्ची उचलून
त्यानं खांबाच्या आणखी जवळ नेली
आणि हातांचे तळवे
भट्टीच्या दिशेनं धरले,
माझा कॅमेरा धरतो तसे.

अहवालात नुकसानीचे सात रकाने आहेत.
भिंतीतून, धुरातून, धुळीतून.
मी आठवा आखला.
त्यात लिहिलं: खुर्ची, दोन पावलं पुढे.
मग बराच वेळ
एकक काय लिहावं ते सुचेना.