सहा आकडे, तीन-तीन

आमच्या बंदरात एजंट म्हणजे पूर्वी माणूस असे.
ओल्या कोटाला डांबराचा वास, खिशात शिक्का,
क्लायपेडाच्या धक्क्यावर उभा राहून
कप्तानांना नावानं हाक मारणारा.
झिगमासचे वडील तसे होते.

आता झिगमासच्या ऑफिसात जो एजंट आहे
त्याला कोट लागत नाही.
रात्री तीनला तो जकातीच्या पोर्टलवर जातो,
स्वीडनला निघालेल्या ओंडक्यांचा, शेवाळमातीच्या गोण्यांचा
हिशेब मांडून तयार, बिनचूक,
आणि दाराशीच अडतो.
दार विचारतं : तूच का?
उत्तर माझ्या उशाखाली गुरगुरतं.

हे माझं काम होतं. दोन वर्षं.
कंपनीचा जुना फोन, एका कोपऱ्यात तडकलेला,
त्यावर सहा आकडे, पाच मिनिटांच्या बोलीवर जगायला आलेले.
अळवावरचं पाणी तरी जरा जास्त टिकतं.
मी वाचून दाखवायची :
चार शून्य नऊ—
इथे जांभई, किंवा केस्तुतिसनं बदललेली कूस,
किंवा खिडकीबाहेर बर्फ ढकलत जाणारी गाडी—
सात सात दोन.
तो म्हणायचा, धन्यवाद, स्किरमान्ते.
नवऱ्यानं या वेळेला माझं नाव
शेवटचं कधी घेतलं होतं, आठवत नाही.

आकड्यांखाली दर वेळी तीच ओळ :
हा कोड कोणालाही सांगू नका.
मी तर रोज सांगत होते.
पहिला आठवडा धास्तीत गेला, मग विचार केला,
तो कोणी असेल तर मी गुन्हेगार,
कोणीच नसेल तर रात्री तीनला
हवेशी बोलणारी बाई.
दोन्ही पटेना. मी आकडे सांगत राहिले.

मार्चमध्ये झिगमास म्हणाला, झोप आता निवांत.
त्याला स्वतःचा नंबर दिलाय.
कोड त्याच्याकडेच येणार, तोच वाचणार, तोच भरणार.
वीस मिनिटांचं काम निघालं, म्हणाला,
कुरकुरत्या बिजागरीला तेल घातल्यासारखं.

तीनला जाग यायची ती येतच राहिली.
उशाखाली हात घालून पाहायची. चादर.
एकदा उठून उभ्याउभ्याच बीटाचं गार सूप खाल्लं
आणि क्रेनवरचे लाल दिवे मोजले.
अकरा.

मग आली एप्रिलची पगारपावती.
माझं नाव टाकलं, माझा पासवर्ड, आणि दार म्हणालं :
कोड पाठवला आहे.
कुठे, ते तारकांपुढच्या दोन आकड्यांवरून कळलं.
तेल घालताना झिगमासनं सगळ्याच बिजागऱ्यांना घातलं होतं.
मी एजंटला म्हणाले, कोड दे.
तो म्हणाला, हा कोड मला कोणालाही सांगता येत नाही.
अरे, मी स्किरमान्ते.
याची खात्री कशी करावी, त्यानं विचारलं, फार नम्रपणे.

खोटं कशाला बोलू, हसूच आलं.
दोन वर्षं ज्याच्या वतीनं मी दाराला
हो, तोच, तोच, म्हणत आले
त्याला मी कोण हे ठाऊक नव्हतं.
आणि मी तरी त्याला
कधी विचारलं होतं, तूच का?

झिगमास सौनात होता. फोन उचलायला चाळीस मिनिटं.
तोवर पहिला कोड मेला, त्याच्यामागचाही मेला.
तिसऱ्याच्या वेळी परवानगी पोचली
आणि एजंट वाचू लागला :
आठ एक तीन—
इथे थांबला.
जांभईएवढा. कूस बदलण्याएवढा.
असं थांब म्हणून त्याला कोणी सांगितलं नसणार—
शून्य शून्य पाच.

मी भरले. दार उघडलं.
रात्रपाळी भत्ता, या ओळीपुढे काही नव्हतं.
धन्यवाद, मी म्हणाले,
आणि सवयीनं पुढे त्याचं नाव घ्यायला गेले.