वीतभर आणि चार बोटं

ओझरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं
मिगच्या पंखांना रिव्हेट मारले.
अंतर मोजायची वेळ आली
ती निवृत्तीनंतर, शाळेतल्या जुन्या पृथ्वीगोलावर,
हिच्या शिलाईच्या दोऱ्यानं.

नाशिक ते व्हँकुव्हर:
वीतभर आणि चार बोटं.
एवढ्यात बटणही नीट बसत नाही,
ही म्हणाली.

दोरा थेट बर्फावरून गेला.
शलाका मात्र इगतपुरीला वडा खाऊन,
कसारा उतरून, मुंबईहून.

बावीस तासांचा प्रवास.
बुधवारी पहाटे दोनला उडाली,
बुधवारीच सकाळी साडेदहाला उतरली, तिथल्या.
तिच्या घड्याळात साडेआठच भरले.

उरलेले साडेतेरा
इथे, गंगापूर रोडच्या गॅलरीत,
मी आणि ही
आळीपाळीनं जागून काढतोय.