थडग्याची मुदत

कुल्लोरसुआकच्या दवाखान्यातला सर्व्हर
ऑक्टोबरात गप्प झाला.
डिशच्या मानेत बर्फ शिरलं होतं,
दुरुस्तीवाल्याचं हेलिकॉप्टर हवा बघून
दोनदा अर्ध्यातून माघारी फिरलं.
इथं नूकमध्ये आम्ही म्हणालो, बघू, उजेड आल्यावर.

आमच्या यादीचे अकरा सर्व्हर, अकरा गावी.
एकाला कळलं की तो दुसऱ्याच्या कानात सांगतो,
दुसरा तिसऱ्याच्या,
आणि सगळ्यांच्या वह्या सारख्या राहतात.
कुणाचं नाव काढायचं झालं तर ते लगेच खोडत नाहीत.
त्यावर आधी एक थडगं बांधतात,
खबर सगळीकडे पोचेपर्यंत ते उभं राहावं म्हणून.
मुदत एकशे ऐंशी दिवस.
मग थडगंही पुसलं जातं.

नोव्हेंबरच्या तीन तारखेला मी तुकुम्मेकचं खातं काढलं.
परिचारिका होती, बावीस वर्षं त्याच दवाखान्यात.
इलुलिसाटच्या इस्पितळात गेली.
कागद आला, मी नाव काढलं,
कॉफी निवायच्या आत.

मेच्या एकोणीस तारखेला डिश हलली
आणि तो सर्व्हर, काल रात्रीच डोळा लागला असावा
अशा थाटात, बोलू लागला.
विकून टाकलेला एक लॅपटॉप त्याच्याकडे अजून होता,
भंगारात गेलेला प्रिंटर होता,
तुकुम्मेक होती.
खोटं बोलत नव्हता बिचारा.
निरोपच पोचला नव्हता, तर दुखवटा कसला पाळणार?

नऊ जणांनी त्याच्याशी अबोला धरला.
तसं त्यांना शिकवलेलंच आहे:
पुसलेलं नाव कुणी पुन्हा घेतलं
की त्याच्याशी बोलायचं नाही.
उपरनाविकचा तेवढा जुना आणि भोळा,
त्यानं विचारलं नाही, सगळं उतरवून घेतलं.

म्हणून ओले गाइस्लरनं,
उपरनाविकमध्ये बसून, बोटांच्या सवयीनं,
तुकुम्मेकला पत्र लिहिलं:
लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत?
आणि मग मला फोन केला.
बराच वेळ नुसता श्वास.
"अगं, पत्र परत नाही आलं."

मी हत्यार काढलं. आधी म्हटलं,
नुसतं दाखव, हात लावू नकोस.
एक्केचाळीस ओळी आल्या.
तिथं नावं नसतात खरं तर,
आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ असते,
जन्मताना एकदा मिळालेली.
ती दुसऱ्या कुणाला पुन्हा कधीच देत नाहीत.
विसावी ओळ तिची होती हे मला
दोनदा ताडून पाहावं लागलं.

पुसण्याआधी कुल्लोरसुआकला फोन लावला.
विचारायचं एवढंच होतं,
की हिवाळ्यात तिथं कुणाचं नवं खातं उघडलंय का,
नाहीतर जुन्याबरोबर नवंही जायचं.
बिबियानेनं उचलला, तुकुम्मेकची धाकटी.
कुजबुजत म्हणाली, खातंबितं नाही.
मागून बारीक कुरकुर आली, मग थांबली.
"हळू बोल, तुकुम्मेक आत्ताच झोपलीय."

फेब्रुवारीतली आहे. नाव आजीचं, आमच्याकडे देतात तसं.
बिबियाने तिला "आई" म्हणून हाक मारते.
वजन विचारलं, तर सांगितलं,
आणि म्हणाली, लसी चौदा आहेत,
ओलेला कळव.

मी आज्ञेतून तो एक शब्द काढला, दाखवण्यापुरता असलेला.
एंटर.
कुल्लोरसुआकमधून एक्केचाळीस गेल्या.
मग उपरनाविकमधून.
उरलेल्या नऊंवरही एकदा फिरवून घेतलं,
गरज नव्हती तरी.
संध्याकाळी अबोला सुटला.

ओलेला लिहिलं: चौदा.
कुणी सांगितलं, हे त्यानं विचारलं नाही.
उन्हाळ्यात डिशला नवी झडप बसवायचीय,
त्याची मागणी अजून माझ्याच टेबलावर पडलीय.